पंचावन्न मिनिटांवरचे गाव

पुणे आणि सिंधुदुर्ग या दोन विमानतळांमधले अंतर सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून थोडे कमी आहे. पंख्यांचे छोटे विमान ते पंचावन्न मिनिटांत कापते. ही दोन वाक्ये मी कार्यालयात, जेवणाच्या सुटीत, संगणकाच्या पडद्यावर वाचली आणि डबा न उघडताच बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारले, "घरून काही वाईट बातमी आहे का?" मी नाही म्हटले. पण ती वाईट बातमीच होती.

तीस वर्षे मी माझ्या आईला सांगत आलो होतो की गाव लांब आहे. गणपतीला दोन दिवस, मे महिन्यात चार, बाकी वर्षभर फोनवर एकच वाक्य, "आई, लांब पडतं गं." तिने कधी अंतर विचारले नाही. पुण्याहून मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी यायचे तर एक अख्खी रात्र बसमध्ये जाते, एवढे तिला ठाऊक होते. आणि रात्र खर्चून येणाऱ्या मुलाला आणखी काय विचारायचे, असे तिला वाटत असावे. मी त्या एका शब्दाला टेकून इतकी वर्षे उभा होतो. चिपीचा, म्हणजे सिंधुदुर्गचाच, विमानतळ सुरू होऊनही काही वर्षे झाली होती. ती बातमी मी वाचली होती, दोन-तीन जणांना उत्साहाने कळवलीही होती, आणि तिकिटाचा विचार मात्र मनाच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता. त्या दुपारी पडद्यावरच्या आकड्याने माझ्या पाठीमागचा टेकू काढून घेतला.

आकडा मी शोधला तो आईच्या डोळ्यासाठी. तिचा उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. दोन वर्षे ती नाही म्हणत होती. "बसमध्ये माझो जीव जाता, बाबू," हे तिचे कारण. आता ते कारण संपले होते. मी घाईने सगळे ठरवले: सकाळच्या विमानाने जायचे, रात्रभर घरी राहायचे, दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तिला घेऊन परतायचे. जाण्याचे एक तिकीट, येण्याची दोन.

तिकिटे काढतानाच मी तिला फोन लावला होता. फोन खांद्याने कानाशी धरून मी आसने निवडत होतो. तिला खिडकीची जागा द्यावी की मधल्या वाटेकडची, हे ठरत नव्हते. ती बोलत होती. देवळाचे काहीतरी, कौलाचे काहीतरी, चुलतभाऊ टेम्पो सांगणार आहे असे काहीतरी. मी "हो, हो" म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "मगे तू थयच येतलंस मां?" मी म्हटले, "हो आई, तिथेच येतो." ती बरे म्हणाली आणि तिने फोन ठेवला. 'तिथे' म्हणजे कुठे, हे मी ऐकलेच नव्हते. खिडकीची जागा घेतली.

विमानात बसल्यावर वैमानिकाने उंची आणि वेळ सांगितली. मी चहा मागवीपर्यंत सह्याद्री मागे गेला होता. खाली खाडीचे पाणी दिसू लागले तेव्हा मनात एक विचित्र भावना झाली, की मी अजून पुण्यातच आहे. रात्रीच्या बसमध्ये असे होत नसे. घाट उतरेपर्यंत कार्यालय मागे पडायचे, कणकवलीला उजाडायचे, तिथून गावाकडची एसटी धरली की शेजारी बसलेला कोणीही अनोळखी माणूस विचारायचा, "खंयचे तुमी?" गावाचे नाव सांगितले की तो आपल्याला आपल्याच गावाच्या चार गोष्टी सांगायचा: कोण गेले, कोणाची गाय व्याली, देवळाचे छप्पर कुठवर आले. कट्टा या बाजारगावी उतरून चहा घेईपर्यंत गावच्या सगळ्या गजाली माझ्या आधी माझ्यापर्यंत पोहोचलेल्या असत. त्या नऊ-दहा तासांना मी नेहमी शिव्या घातल्या होत्या. ते तास काय काम करत होते, हे मला त्या दिवशी दहाच्या सुमारास कळले.

विमानतळाबाहेर जी गाडी मिळाली तिचा चालक गोव्याकडचा होता. गाव विचारल्यावर म्हणाला, "हांव पेडण्याचो. हांगाचें म्हाका खबर ना. मॅप सांगता तसो वतां." मी म्हटले, चला. काचा वर होत्या, आत थंड हवा होती. धामापूरच्या तळ्यावरून गाडी गेली तेव्हा मी घड्याळ पाहिले. विमानतळापासून गावापर्यंत मोबाइल एक तास दहा मिनिटे दाखवत होता, म्हणजे पुण्यापासून चिपीपर्यंत लागले त्याहून अधिक. मला हसू आले आणि मी ते चालकाला सांगितले. तो गंभीरपणे म्हणाला, "विमानाक गतिरोधक नासतात, साहेब."

कट्ट्याच्या नाक्यावर गाडी जरा थबकली. रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर मासळीचे खोके बांधून उभे असलेले चाचा मला दिसले. ते मालवणच्या बंदरावरून मासळी घेऊन आमच्या बाजूच्या गावांत विकतात. माझ्या लहानपणी त्यांचे वडील सायकलवरून यायचे. चाचांनी मला काचेतून ओळखले. त्यांनी एक हात वर केला, मग दुसराही, आणि दोन्ही हात डोक्यावर हलवू लागले. किती आपुलकी, असे माझ्या मनात आले. मीही काचेआडून हात हलवला. गाडी पुढे गेली. मागच्या आरशात ते मोटारसायकलला किक मारताना दिसले आणि मग वळण आले.

मोबाइलने आम्हाला मोठ्या रस्त्याने न नेता काजूच्या बागांमधल्या वाटेने नेले. आमच्या घराच्या मागे जो व्हाळ, म्हणजे ओढा, आहे, त्याच्या अलीकडे रस्ता संपला. "साहेब, फुडें गाडी वचना," चालक म्हणाला. मला ती वाट ठाऊकच होती. पिशवी खांद्याला लावून मी व्हाळाच्या दगडांवरून पलीकडे गेलो आणि परसातून घरी आलो.

प्रथम काही वेगळे वाटले नाही. मग वाटू लागले की कानात काहीतरी बिघडले आहे. विमानातून उतरल्यावर कान बसतात, तसे असेल म्हणून मी दोनदा आवंढा गिळला. पण पानांचा आवाज येत होता. बाकी काहीच येत नव्हते. कोंबडी नाही, कुत्रे नाही, कोणाच्या घरचा मिक्सर नाही, मोटारीचा पंप नाही. गोठ्यात गाय नव्हती आणि दावेही नव्हते. मागच्या दाराला आतून कडी होती. मी पुढे गेलो. पुढच्या दाराला कुलूप होते. आईने दिवसा कधी घराला कुलूप लावलेले मी पाहिलेले नाही.

मी हाक मारली. नंतर दाराच्या फटीला तोंड लावून मारली. शेजारच्या घरालाही कुलूप होते, त्यापुढच्यालाही. अंगणे स्वच्छ सारवलेली, तुळशीजवळ सुकलेले फूल, आणि माणूस नाही. फोन लावला तर लागेना. माझ्या मनात त्या दोन मिनिटांत काय काय आले ते लिहायला मला लाज वाटते. आई गेली आणि सगळे गाव तिला पोहोचवायला गेले आहे, असे मी धरून चाललो. तोंडाला कोरड पडली. विहिरीवर कळशी पालथी ठेवलेली होती आणि रहाटाची दोरी वर खांबाला गाठ मारून बांधलेली होती. मी ती गाठ सोडली. आमचा लाकडी रहाट जुना आहे, फिरताना तो लांब कण्हतो. कळशी खाली जाताना एकदा आणि वर येताना एकदा तो आवाज त्या निःशब्द गावावरून गेला. मी पाणी प्यालो, पायांवर घेतले.

आणि पाय धुता धुता मला आठवले. मी आठ वर्षांचा होतो. बैलगाडीत भांड्यांच्या मध्ये मला बसवले होते, आई गाडीबरोबर चालत होती आणि सांगत होती, "मागे बघू नको, बाबू. आता गाव देवाचो."

गावपळण. आमच्या गावात ती दर तीन-चार वर्षांनी होते. देवळात कौल लावून दिवस ठरतो, आणि त्या दिवशी सगळे गाव, गुरेढोरे, कुत्री आणि कोंबड्यांसह, घरांना कुलपे लावून वेशीबाहेर जाते. झोपड्या बांधून तीन दिवस, तीन रात्री तिथे राहायचे. तेवढा काळ गाव देवाच्या ताब्यात. गावच्या माणसाने आत पाऊल टाकायचे नाही. चौथ्या दिवशी सगळ्यांनी मिळून परतायचे. आणि कोणी मध्येच आत गेला तर तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. माझ्या लहानपणी कोणी चुकलेल्या वासरासाठी आत गेला होता आणि सगळे गाव थंडीत आणखी तीन दिवस बाहेर राहिले होते. त्या माणसाचे नाव पुढे कितीतरी वर्षे त्या वासरावरून पडले होते.

फोनवर आई हेच सांगत होती. कौल, टेम्पो, 'थयच येतलंस मां'. आणि चाचांचे दोन्ही हात. ते मला थांबवत होते.

मी तिथून पळालो. चोवीस वर्षे एका कार्यालयात शिस्तीने नोकरी केलेला, चोपन्न वर्षांचा माणूस पिशवी छातीशी धरून परसातून पळाला, हे जसे घडले तसे लिहितो. व्हाळ ओलांडून काजूच्या बागेत शिरल्यावर मी दम घेतला. मला कोणी पाहिले नव्हते. गाडी निघून गेली होती. वळसा घालून मोठ्या रस्त्याने वेशीबाहेरच्या माळावर पोहोचलो, तर मी आताच आलो असे होईल. हा विचार मला कोणी शिकवला नाही. तो तयारच होता, जसा 'लांब' हा शब्द तयार असायचा.

माळावर झावळ्यांच्या झोपड्यांची रांग होती. गुरे बांधलेली, चुली पेटलेल्या, कोंबड्या टोपल्यांखाली. चुलतभावाने मला लांबून पाहिले. "इलो रे इलो, इमानवालो!" तो ओरडला. "खंय उतरवलान तुका? माळार की मळ्यात?"

"आत्ताच आलो. कट्ट्याहून," मी म्हटले. अर्धे खरे होते.

त्याने माझे बोलणे धड ऐकलेच नाही. माझा दंड धरून तो हळू आवाजात म्हणाला, "तू वायच लवकर येवक होया होतंस. आता अर्ध्या तासाआधी गावात रहाट वाजलो. समद्यांनी आयाकल्यान. दोनदा!"

मी आजूबाजूला पाहिले. बायका चुलीशी कुजबुजत होत्या. एक म्हातारे गृहस्थ गावाच्या दिशेला हात जोडून उभे होते. काही जण हसून बोलत होते, पण हळू. देव विहिरीवर पाणी प्यायला, असे आतापर्यंत ठरून गेले होते. "आमच्या आज्याच्या येळेक घंटा वाजलेली म्हणतत," चुलतभाऊ म्हणाला. "आमच्या नशिबात रहाट." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. माझ्या पायांवरचे पाणी तोवर सुकले होते.

आई झोपडीच्या तोंडाशी चटईवर बसली होती. मी पाया पडलो तेव्हा तिने नेहमीप्रमाणे माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग खांदे, मग दंड. "बारीक झालंस," ती म्हणाली. पेज वाढून दिली. भोवतालचे लोक पांगल्यावर तिने अगदी हलक्या आवाजात, सूप झाडावे तशा साधेपणाने विचारले, "रहाटाची दोरी परत वर बांधलंस, की तशीच सोडून इलंस?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"पन्नास वर्सां मी तो रहाट आयाकतंय," ती म्हणाली. "शेजारच्यांचो बारीक रडता. आमचो कण्हता. देव तहान लागली तर देवळाच्या बायरचो रहाट वडीत, आमच्या परड्यात कित्याक येयत?"

तिने पुढे काही विचारले नाही. "पेज थंड जाता," एवढेच म्हणाली. मी दुसऱ्या दिवशीचे विमान, डॉक्टरांची तारीख, सगळे सांगून टाकले; जणू काही बोलत राहिलो तर तो प्रश्न बुजून जाईल. तिने ऐकून घेतले. "दार घरच्यानच उघडूचा लागता," ती म्हणाली. "परवा समदी जातली तेव्हा आमच्या दाराशी कोण उभो रवतलो? मी येवचंय नाय उद्या. डोळो खंय पळान जाता?"

दुपारी चाचा मासळी घेऊन माळावर आले. मला पाहताच त्यांनी मोटारसायकल थांबवली आणि निश्वास सोडला. "मी तुमका किती हात केलंय, साहेब! आणि तुमी पण हात करून गेल्यात. माका वाटला, हे सरळ गावात शिरतत. पाठसून येय होतंय, गाडयेन दगा दिल्यान." मग माझ्याकडे जरा निरखून पाहिले. ते अंदाज बांधू शकत होते. कट्ट्याहून माळ किती आणि मी कधी पोहोचलो. पण त्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि आईला म्हणाले, "आये, सौंदाळे आसत. ताजे." त्यांची ती दया मला सहन होईना. दोन माणसांना ठाऊक होते आणि दोघेही मला सांभाळत होते.

मला काय हवे होते हे मी स्वतःला विचारले. मी गप्प राहिलो असतो तर गावाला कायमची एक गोष्ट मिळाली असती, देव पाणी प्यायल्याची. कोणाचे नुकसान नव्हते. बोललो असतो तर तान्ही मुले, खोकणारे म्हातारे, गुरे, सगळ्यांना पुन्हा तीन दिवस दवात काढावे लागले असते आणि आईला मान वर करता आली नसती. गप्प राहण्याच्या बाजूला इतकी चांगली कारणे होती, म्हणूनच मला त्यांची भीती वाटली. 'लांब आहे' हे कारणही चांगलेच होते.

चार वाजता गावचे मुख्य मानकरी चिंचेखाली बसले होते तिथे मी गेलो. नात्याने ते माझे लांबचे चुलते. ऐंशीच्या पुढचे, कमरेत ताठ. बाकीची मंडळीही होती. मी उभा राहून बोलू लागलो आणि माझ्याच कानांवर विश्वास बसेना: "आज सकाळी माझ्याकडून अनवधानाने गावाच्या हद्दीत प्रवेश झाला. रहाटाचा आवाज माझ्यामुळे झाला. मला गावपळणीची पूर्वकल्पना आईने दिली होती, परंतु मी ती लक्षपूर्वक ऐकली नाही."

"अर्ज वाचून दाखवतंस की काय रे?" चुलतभाऊ म्हणाला आणि दोघे-तिघे हसले. मग हसणे थांबले, कारण मी काय सांगितले ते त्यांच्या ध्यानात आले. हात जोडून उभे राहिलेले म्हातारे गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचे हात आता मांडीवर होते. मी पुन्हा सांगितले, ह्या वेळी घरच्या बोलीत. "काकानू, तो रहाट मी वडलंय. तहान लागलेली. माझ्या ध्यानात नाय रवला."

कोणीतरी मागून म्हणाले, "म्हणजे आता परत तीन दीस?" एक बाई मोठ्याने म्हणाली, "माझ्या पोराक ताप आसा." मी मान खाली घातली आणि जे येईल त्याची वाट पाहू लागलो. त्या क्षणी मला शिक्षाच हवी होती, हे आज समजते.

मानकऱ्यांनी पान तोंडात एका बाजूला सारले. "नेम काय आसा?" ते सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "गावचो माणूस भितूर गेलो तर दोष. ह्यो काय गावचो माणूस? दोन दीस येतलो, दोन दीस जातलो. पाव्हणो तो. मागच्या खेपेक दोन टुरिस्ट वाट चुकान शिरले, तेवा काय आमी दीस मोजले? नाय. मगे ह्याचेही मोजूचे नाय. संपलो विषय."

सगळीकडून सुस्कारा सुटला. बाई हसली. चुलतभावाने माझ्या पाठीवर जोराची थाप मारली. "सुटलंस रे! पाव्हणो म्हणान सुटलंस."

मी हसण्याचा प्रयत्न केला. मला आठवते, चिंचेच्या बुंध्यावर मुंग्यांची रांग चालली होती आणि मी ती पाहत होतो. आयुष्यात मला अनेक धक्के बसले असतील. वडील गेल्याची तार, एकदा नोकरी जाता जाता राहिली ती सकाळ. पण कोणी मला असे प्रेमाने, सर्वांच्या भल्यासाठी, माझ्याच गावाच्या हद्दीबाहेर ठेवले नव्हते. आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. तीनशे किलोमीटर, पंचावन्न मिनिटे. तो आकडा पाहून मला वाटले होते की मी आता जवळ आलो. मानकऱ्यांनी दुसरे अंतर मोजले होते.

"मोजा," असा आवाज आला.

आई झोपडीच्या खांबाला धरून उभी होती. तिला आम्ही नीट दिसत नसणार. आवाजाच्या दिशेला तोंड करून ती बोलत होती. "भावजीनू, तेचो दोष मोजा. काय दंड घालूचो तो माझ्या घराक घाला. पण तो गावचो नाय, ह्या माका आयकाचा नाय."

"वैनी, तुमच्या बऱ्याक म्हणान मी..."

"माझ्या बऱ्याक नको. माझो झील चुकलो. चुकलो तो गावचो म्हणानच चुकलो. पाव्हण्याक कसली चूक?"

मानकऱ्यांनी बराच वेळ चघळले, पिंक टाकली, पुन्हा वर पाहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो, तो नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मगे असा करूया. गाव ठरल्या दिसाक भितूर जायत. तुमचा घर एक दीस मागसून. समद्यांच्या मागे."

"आणि तो?"

"तोही. तुमच्यावांगडा. गावचो म्हणतास मां?" मग माझ्याकडे वळून पहिल्यांदाच थेट विचारले, "जमात तुका? की इमान आसा?"

"जमात, काकानू," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशीचे विमान आमची दोन आसने रिकामी ठेवून गेले. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून मी रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि डॉक्टरांना, कार्यालयाला कळवले. डॉक्टरांनी आठवड्याने पुढची तारीख दिली. इतके सोपे होते ते. चौथ्या दिवशी सकाळी ढोल वाजला आणि गाव परत निघाले. टेम्पो, गुरे, डोक्यावर कोंबड्यांच्या टोपल्या. आमची गाय चुलतभाऊ घेऊन गेला, कारण गुरांना दंड नव्हता. यावर वाटेत बराच विनोद झाला. जाताना तो आमच्याकडे तांदूळ आणि सुकी मासळी ठेवून गेला. "पाव्हण्यांनू, बरे रवा," असे म्हणून त्याने जीभ चावली.

माळावर आम्ही दोघेच उरलो. मला वाटत होते, आता ती मला काहीतरी बोलेल. तीस वर्षांचे. ती तांदूळ निवडत बसली, खड्यांना बोटांनी ओळखत. दुपारी आकाशात घरघर झाली. तिने मान वर केली.

"ह्या तुझा काय?"

"नाही गं, दुसऱ्या कुठल्या तरी गावचं असेल."

"तू इलंस त्येका किती वेळ लागलो म्हटलंस?"

"पंचावन्न मिनिटे."

तिने मनात काहीतरी मोजले असावे. समोर, मळ्यापलीकडे, आमच्या घराचे कौलारू छप्पर दिसत होते. चालत निघालो असतो तर दहा मिनिटांत पोहोचलो असतो. "आमका ह्या मळ्याक एक दीस लागता," ती म्हणाली आणि हसली. मी हसू शकलो नाही. मला त्या हसण्याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही वेशीवरून, मोठ्या रस्त्याने, सरळ आत गेलो. तिचा हात माझ्या दंडावर होता. शेजारणी दारात उभ्या राहून पाहत होत्या; एकीने विचारले, "इलास?" आई म्हणाली, "इलंव." कमरेची चावी काढून तिने कुलूप स्वतःच चाचपून उघडले आणि मला आत जाऊ दिले नाही. आधी विहिरीकडे बोट केले.

दोरी मी सोडून गेलो होतो तशीच लोंबत होती. कळशी काठावर आडवी पडलेली. मी कळशी धुऊन पालथी घातली, दोरी वर ओढून खांबाला बांधली. रहाट पुन्हा कण्हला आणि शेजारच्या परड्यातून कोणीतरी खो खो हसले. आई माझ्यामागून आली. तिने हात वर करून गाठ शोधली, बोटांनी ती दोनदा पारखली. ती कशी मारायची हे मला तिनेच लहानपणी शिकवले होते आणि मी ती बरोबर मारली आहे की नाही याची मला खात्री नव्हती.

तिने ती सोडून पुन्हा मारली नाही. "चाय ठेव," ती म्हणाली, आणि भिंतीला हात लावत घरात गेली.